पिवळा झालेला राक्षस

माझ्या गेममधल्या राक्षसांना मार बसतो, हे खेळणाऱ्याला कळतच नव्हतं. तलवार फिरायची, राक्षस मख्ख उभा, आणि मग एकदम गायब! माणिकपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात शत्रूंची चित्रं काढायचं काम माझं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारी मी स्वतः खेळून बघणार. मार जाणवला नाही, तर हा गेम बंद." आठ महिने मरमर राबले होते मी त्या गेमवर. रडायचंच बाकी होतं.

मग शक्कल लढवली. राक्षस धडधाकट असेल तर हिरवा, अर्धमेला झाला की पिवळा, मरायला टेकला की लाल. शेंबड्या पोरालाही कळेल! शनिवारी निर्मळला, गावच्या घरी गेले आणि पप्पांच्या हातात फोन दिला. पप्पांचा उभा जन्म केळीच्या वाडीत गेलेला.

पप्पांनी दणादण चार फटके हाणले. राक्षस पिवळा झाला, आणि पप्पा थांबले. राक्षसाने त्यांना आडवं केलं. दुसऱ्यांदाही तेच.

"पप्पा, मारा ना!"

"आता कशाला? पिकला तो. पिवळ्याला मारलं तर काळा पडेल, मग कोण घेणार?"

आतून मम्मीचं खो खो हसणं ऐकू आलं. माझं डोकंच सणकलं. "अहो, राक्षस आहे तो, केळ्यांचा घड नाही!" मी ओरडले.

पप्पा रागावले नाहीत. कोयता घेऊन मला वाडीत घेऊन गेले. घड उतरवलेलं एक झाड पाडायचंच होतं. पहिला घाव बसला आणि तिथून चिकट पाणी ओघळलं. दुसऱ्या घावाला वरची पानं थरथरली. तिसऱ्याला झाड एका अंगाला कललं.

"बघ, रंग बदलला का?" पप्पा म्हणाले. "पण घाव कुठे बसला ते दिसतंय, आणि आता किती उरलंय तेही."

मी तिथेच पप्पांना मिठी मारली. चिकाचे डाग पडून ड्रेस वाया गेला, गेला तर गेला! रविवारी चर्चमधल्या मिस्सेला दांडी मारून दिवसभर चित्रं काढत बसले. जिथे वार, तिथेच जखम, तिथूनच ओघळ. पुढच्या वाराला अंगभर थरथर, मग तोल जाणं. हिरवा-पिवळा सगळा काढून टाकला.

सोमवारी साहेब खेळायला बसले. मी मागे उभी. पहिला वार, दुसरा. तिसऱ्याला राक्षस कण्हत एका पायावर कलला, आणि साहेबांनी चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं.

"अरेरे," ते म्हणाले, "लागलं रे त्याला!"

आठ महिन्यांत माझ्या राक्षसाची कुणाला पहिल्यांदाच दया आली होती. साहेब पुढे काय बोलले ते मी ऐकलंच नाही. बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि मनसोक्त नाचले.