किल्लेदार काकांची रडणारी बाई

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये दिवाळीला गराजमध्ये किल्ला करणारे किल्लेदार काका एकटेच, आणि किल्ला तोही आयर्लंडचा! त्यांचं आडनाव वेगळंच होतं. किल्लेदार हे नाव आम्ही शेजाऱ्यांनी पाडलेलं. अमेरिकेला येण्याआधी त्यांनी तिकडे काही वर्षं नोकरी केली होती. खोलीच्या खिडकीतून नदी दिसे आणि नदीकाठचा पडका किल्ला. तो त्यांच्या डोक्यातून कधी उतरलाच नाही.

"काका, यंदा तरी रायगड करा की," आम्ही चिडवायचो.

"रायगड सगळेच करतात. ह्या बिचाऱ्याला कोण आहे?" म्हणत ते मातीत मोहरी पेरायचे. नदी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची. बुरुजावर मात्र पुण्याहून आणलेले मावळे! तोफांना दाद न देणारा तो किल्ला शेवटी नदीनंच हळूहळू पोखरला, हे ते दर वर्षी नव्यानं सांगत. तोवर आमच्या फराळाच्या डिशेस रिकाम्या झालेल्या असत.

त्यांचा खरा जीव रडणाऱ्या बाईत. किल्ल्यातलं कुणी मरणार असलं, की नदीकाठी एक बाई केस सोडून आक्रोश करते, अशी तिकडची दंतकथा. काकांनी तिच्या जागी मातीची गवळण उभी केली होती, तोंड रस्त्याकडे करून. "आपल्या घराकडे तोंड नको तिचं. अजून पुष्कळ चकल्या खायच्यात."

काकू गेल्या तेव्हा मात्र म्हणाले, "फ्युनरल होममध्ये सगळे किती शिस्तीत! टिश्यूनं डोळे पुसले आणि पार्किंगमध्ये गेले. माझ्या वेळी कुणीतरी मोठ्यानं रडा गं. तू रडशील?"

"काहीतरीच काय, काका! पण रडेन," मी म्हटलं.

यंदा किल्ला तयार झाला आणि दिवाळीच्या तोंडावर काका गेले. फ्युनरल होममध्ये मी त्यांच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. फार माया होती माझी त्यांच्यावर, पण रडूच येईना. आत सगळं बधिर झालं होतं. मीही टिश्यू घेतला, कोरडाच पर्समध्ये टाकला आणि पार्किंगमध्ये गेले.

फ्रीमाँटहून आलेला त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी घर आवरत होता. गराजमध्ये येऊन म्हणाला, "ताई, व्हॉट डू आय डू विथ धिस? फेकून देऊ?"

"दिवाळीपर्यंत राहू दे," मी म्हटलं. तो आत गेला.

मोहरी छान उगवली होती. मावळे जागच्या जागी होते. फॉइलच्या काठावरची गवळण मी उचलली आणि तिचं तोंड घराकडे केलं.

"माझ्याच्यानं होत नाहीये," मी तिला म्हटलं. "तू तरी रड, बाई."