आईच्या फोनवर माझा आवाज

हॉलमध्ये माझा आवाज रडत होता आणि मी गप्प बसले होते. तोंड बंद. आवाज माझाच.

आमचं कोल्हापुरातलं कॉलेज. सायबर सुरक्षेत एआय कसं वापरायचं, याचं प्रत्यक्ष करून बघायचं प्रशिक्षण होतं. आदल्या दिवशी सगळ्यांनी सरावासाठी आपापला आवाज रेकॉर्ड करून दिला होता. पुण्याहून आलेल्या सरांनी त्यातला माझा निवडला. आई कुठं असते, काय करते, विचारलं. उचगावात, म्हशी आहेत, मी म्हणाले. सर हसले.

"परफेक्ट. अशीच आई पाहिजे."

नंबर मागितला. दिला. समोर उभ्या सरांना नाही म्हणायचं, हे आम्हाला कधी कुणी शिकवलं होतं?

मग त्यांनी आईच्या मोबाईलवर ओटीपीसारखे आकडे पाठवले आणि मशीनला माझ्या आवाजात बोलायला लावलं. फोन स्पीकरवर. आई, मला पोलिसांनी धरलंय, तुझ्या मोबाईलवर आकडे आलेत, ते सांग, लवकर सांग. हे असलं काही बोलायला लावतील, मला काय माहीत? मी उठले, तर सरांनी बोट दाखवलं, खाली बस म्हणून. आणि मी बसले.

"रडू नगं बाळा," आई म्हणाली. "सांगतो की."

अडखळत एकेक आकडा वाचला तिनं. मागची पोरं हसायला लागली. आकडे संपले तरी तिनं फोन ठेवला नाही.

"तुला कुणी मारलं न्हाय न्हवं?"

सगळा हॉल हसला. सरांनी फोन कट केला. टाळ्या पडल्या. बघा, म्हणाले, फसवणं किती सोपं असतं. आईला खरं काय ते सांगावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी बाहेर पळाले, फोनवर फोन लावले. उचलेना. ती फोन घरीच टाकून निघाली होती.

शेजारच्या काकांच्या गाडीवर बसून आली. हाताला शेण तसंच. कॉलेजच्या गेटवर मला बघितलं आणि माझं तोंड, दंड, पाठ चाचपली. कुठं मार लागलाय काय, बघत होती. लाजेनं मेले मी.

तेवढ्यात सर मोबाईल धरून आले. काकू, कसं वाटलं ते सांगा ना, पुढच्या बॅचला त्या फोनच्या रेकॉर्डिंगसोबत दाखवू, म्हणाले. मी कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"न्हाय. माझ्या आईला पडद्यावर दाखवायचं न्हाय. ते रेकॉर्डिंग पुसा."

एवढं काय त्यात, तुमच्याच भल्यासाठी आहे, सर म्हणाले. पुसलं नाहीच.

मी कॉलेजात तक्रार दिली. प्राचार्यांनी बोलावून समजावलं, मागं घे, सर्टिफिकेट अडकेल. वर विचारलं, आईला काही इजा झाली का?

काय सांगू? आता मी घरी फोन केला की आई आधी माझा आवाज ऐकत राहते. मग हळूच विचारते, "तूच हाईस न्हवं?" व्हय म्हटलं तरी तिला पटत नाही. पटवायला माझ्याकडं त्या आवाजाशिवाय दुसरं काय हाय?

तक्रार मागं घेणार न्हाय. सोमवारी पुढची बॅच बसतीय. ते रेकॉर्डिंग लागलं की मी उठणार आणि सांगणार, ही माझी आई, हिला कुणी विचारलं नव्हतं. बाहेर काढलं तर दारातनं सांगणार.

सर बोट दाखवतील. मी बसणार न्हाय.