सत्तावीस नंबरचा आवाज

आमचा जुना सॅम्प्लर पुन्हा बाजारात येतोय, ही बातमी आमच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मित्राने मला फोनवर ओरडून सांगितली. मी म्हणालो, "बरं."

"बरं काय, भावा? त्या डबड्यावर पोट भरलंस ना तू इतकी वर्षं?"

ते खरं होतं. तरी मला काही वाटलं नाही. मला हल्ली फारसं काही वाटतच नाही, आणि हल्ली म्हणजे नक्की कधीपासून, तेही आठवत नाही. बायको म्हणते, तुमचं तोंड शटर पाडलेल्या दुकानासारखं असतं. तिच्या समाधानासाठी डॉक्टरकडे गेलो. साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल निघालं. तेही ऐकून मी "बरं" म्हणालो.

सॅम्प्लर दिसायला साध्या कीबोर्डसारखाच, पण त्याच्या पोटात स्वतःचा आवाज नसतो. माईकमधून तुम्ही जे ऐकवाल ते तो धरून ठेवतो आणि सगळ्या पट्ट्यांवर पसरवून देतो. कुत्रा ऐकवा, सारेगमपमध्ये भुंकेल. वरच्या पट्टीवर तोच आवाज घाईचा आणि चिरका होतो, खालच्या पट्टीवर संथ आणि घोगरा. माझा सॅम्प्लर मी गल्फहून आलेल्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतला होता. पनवेलपासून उरणपर्यंत हळदीच्या कार्यक्रमांत तो तेव्हा फक्त माझ्याकडे होता, आणि मी त्याचा माज पुरेपूर केला.

तो बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. आता कोणीतरी तोच पुन्हा बनवायला घेतला होता आणि जुन्या वादकांना इंटरनेटवर विचारत होतं की नव्यात काय हवं, काय नको, दिसायला कसा हवा. मित्राचं म्हणणं असं की जगात हे मशीन आमच्याइतकं कोणी तुडवलेलं नाही, तेव्हा यादी आम्हीच द्यायची. तो सांगणार आणि मी लिहिणार, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं.

त्याच आठवड्यात मुलीने घरात वेगळाच विषय काढला. तिचं लग्न फेब्रुवारीत आहे. ऐरोलीला एका कंपनीत ती कॉम्प्युटरसमोर बसते, मोबाईलवरून पत्रिका पाठवते, हॉलही तिनेच बुक केला. ती म्हणाली, "पप्पा, हळदीला डीजे नकोय मला. आजीचा धवला हवाय."

धवला म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. हळद लावताना, मांडव घालताना, प्रत्येक विधीला वेगळा धवला. वाद्य नसतं. एक बाई म्हणते, तिला धवलारीण म्हणतात, आणि बाकीच्या बाया तिच्यामागे तीच ओळ ओढतात. त्यात त्या घरातल्या माणसांची नावं गुंफावी लागतात. नवरीचं, तिच्या आईबापाचं, मामाचं. माझी आई पाच गावांची धवलारीण होती. तिला लिहिता-वाचता येत नाही, आणि तिच्याकडे किती धवले आहेत ते तिलाही मोजता येणार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी तिने गाणं बंद केलं. हळूहळू नाही, एका दिवसात. बोलावणं आलं की म्हणायची, "नय, आता नय." कारण विचारलं की उठून भांडी घासायला घ्यायची. घसा ठणठणीत आहे. आजही तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारते तेव्हा तो दोन बिल्डिंगांपलीकडे ब्रेक लावतो. माझा अंदाज असा होता की ती माझ्यावर रुसली. माझा सॅम्प्लर आल्यावर लोकांना हळदीला आमचा नाच हवा झाला, म्हाताऱ्या बायांचे संथ धवले नकोसे झाले. तिचं काम मी खाल्लं, असं तिला वाटत असणार. मला ते पटण्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायचं. रुसवा आज ना उद्या जातो.

आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. आमचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि आम्ही करंजाड्यात आलो, तेव्हा बाया पांगल्या. तिच्यामागे ओढणाऱ्या चौघींपैकी एकच उरली आहे, आणि तिला आता कोणी ओळखू येत नाही. म्हणजे या फेब्रुवारीत आईने तोंड उघडलं नाही तर ते धवले संपले. मुलीला हे माझ्याआधी कळलं होतं. "तुम्ही विचारा," ती म्हणाली. "तुमचं ऐकेल ती."

मी "बघतो" म्हणालो आणि विचारलं नाही.

रविवारी दुपारी मित्र खारघरहून आला. तो आता एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर बसतो, त्यामुळे येताना पिशवीभर कांदे आणि बोटांना त्यांचा वास असतोच. सॅम्प्लर आई झोपते त्या दिवाणाखाली होता. आम्ही दोघांनी तो ओढून बाहेर काढला आणि दोघेही कंबर धरून उभे राहिलो.

"एक नंबर लिही," मित्र म्हणाला. "वजन कमी पाहिजे. च्यायला, टेम्पोत चढवताना दोन माणसं लागायची."

मी लिहिलं. पुढचं त्याने भराभर सांगितलं. स्क्रीन भर उन्हात मांडवात वाचता आली पाहिजे. जनरेटरचा करंट वरखाली झाला तरी मशीन झोपता कामा नये. दोन्ही बाजूंना हात घालायला खाच हवी. पट्ट्यांच्या फटीत हळद जाता कामा नये. आमच्या मशीनच्या पांढऱ्या पट्ट्या मधल्या दोन सप्तकांत पिवळ्या पडल्या आहेत, कारण हळद लावलेल्या बाया नाचताना येऊन कौतुकाने त्यांच्यावर हात मारून जायच्या. कंपनीच्या इंजिनिअरांना हे कसं समजावायचं यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी मी लिहिलं, मसाल्याच्या पावडरीपासून संरक्षण.

मग माझ्या मागण्या सुरू झाल्या, आणि लिहिता लिहिता त्या बऱ्याच निघाल्या. आवाज जास्त स्वच्छ करू नका. जुन्यात आवाज थोडा खरबरीत व्हायचा, जात्यातून काढल्यासारखा, आणि त्यातच त्याची मजा होती. मेनूच्या आत मेनू नको. प्रत्येक कामाला वेगळं बटण हवं, बोटांना आंधळेपणाने सापडणारं. रंग तोच राखाडी. आणि मेमरी. जुन्यात सगळे मिळून काही सेकंदच मावायचे, म्हणून आम्ही प्रत्येक आवाज कापत बसायचो. आधीचा श्वास काप, मागची शेपटी काप. नव्यात गाणारा माणूस श्वास घेतो तोही राहू द्या, असं मी लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं.

"चालू करून तर बघ," मित्र म्हणाला.

मशीन चालू झालं. फ्लॉपी करकरली आणि हिरव्या स्क्रीनवर आवाजांचे नंबर आले. मित्र लगेच म्हणाला, "सत्तावीस लाव, सत्तावीस!"

सत्तावीस नंबर हा आमचा हुकमाचा पत्ता होता. बाईच्या आवाजातली एक हरकत, जेमतेम दोन सेकंदांची, मी ती पट्टीवर धरून ठोक्यावर तोडायचो आणि मांडव पेटायचा. लोक गाण्याचं नाव सांगायचे नाहीत, "ते लाव ना, तुझं ते" म्हणायचे. मी पट्टी दाबली. आवाज आला. मित्राने दिवाणाच्या कडेवर दोन बोटांनी ठेका धरला आणि मीही सवयीने तोडून वाजवू लागलो. वरच्या पट्टीवर नेलं, चिरकं झालं. खाली आणलं, घोगरं झालं. मला काही वाटत नव्हतं.

सत्तावीस नंबर म्हणजे माझ्या आईचा आवाज. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीत मी माईक लावून तो घेतला होता. सॅम्प्लर माझ्याकडे नवा होता, दिसेल ते त्यात भरत होतो. आई नवरीचं नाव घेते ती जागा मला आवडली, कारण तिथे आवाज असा गोल फिरून वर जायचा. नाव पूर्ण मावत नव्हतं. मी पहिली दोन अक्षरं ठेवली आणि बाकीचं कापलं.

बहीण लग्नानंतर दीड वर्षात गेली. तापाचं निमित्त झालं. पनवेलच्या दवाखान्यात सकाळी बोलत होती, संध्याकाळी नव्हती. तेराव्यानंतरच्या आठवड्यात आमची सुपारी होती, म्हणजे आधीच घेतलेला हळदीचा कार्यक्रम. आमच्याच गावात, चार घरं सोडून. लोक म्हणाले, नको वाजवूस, कोणी काही म्हणणार नाही. मी गेलो. वाजवलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. सत्तावीस नंबर लोकांनी तीनदा मागितला, मी तीनदा लावला. तेव्हा माझ्या कानाला ते तिचं नाव नव्हतंच. कापून पट्टीवर बसवलेली गोष्ट वादकाला फक्त आवाज वाटते. निदान मी स्वतःला असं सांगत आलो आहे.

त्या रविवारी मित्रासोबत वाजवता वाजवता मी वर पाहिलं तर आई दारात उभी होती. हातात आमच्या दोघांसाठी चहाचे कप होते. मी पट्टी सोडली.

तिने कप टीपॉयवर ठेवले. मशीनकडे पाहिलं. एवढी वर्षं ती त्याच्याच वर झोपत होती, पण त्याच्याकडे असं पाहताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काय लिवतव?" तिने विचारलं.

मित्राने उत्साहाने सगळं सांगितलं. नवीन मशीन येणार, कंपनीने आम्हाला विचारलंय, बत्तीस मागण्या झाल्या. "काकी, तुमी पन सांगा एखादी," तो म्हणाला. गाळ्यावर गिऱ्हाइकाला करतात तशी त्याने मस्करी केली.

आई दिवाणावर टेकली. मला म्हणाली, "त्यानशी पुसाया येतं क?"

"काय पुसायला?"

"नाव. एकदा आत गेलेलं नाव."

मित्राचा कप तोंडाशीच थांबला. त्याला काही माहीत नव्हतं. मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं की ती बाई कोण आणि ती काय म्हणते.

"येतं," मी म्हणालो.

"नव्यान येल?"

"जुन्यात पन व्हतं, आये," मी म्हणालो. आईशी बोलताना माझी जीभ अजून गावात जाते. "पयल्यापासून व्हतं. एक बटन हाय."

"एक बटन," ती म्हणाली.

मग तिने मला सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही. तेराव्यानंतरच्या त्या हळदीच्या दिवशी ती घरात गेलेल्या मुलीचे कपडे घडी करत बसली होती, तिच्या सासरी परत द्यायचे होते म्हणून. चार घरांपलीकडून भोंग्यावर तिचाच आवाज आला, मुलीच्या नावाने हळद लावत. अर्धं नाव, पुन्हा अर्धं नाव, आणि लोक शिट्ट्या मारत होते. तिला वाटलं होतं, पोरगा आज तरी ते लावणार नाही. मग पुढच्या शनिवारी लागलं. मग वर्षभर लागत राहिलं, खाडीपलीकडच्या गावांतूनही ऐकू यायचं.

"मी त्वांड उघरलं क तिचंच नाव येल, असं वाटाचं मना," ती म्हणाली. "दुसरे पोरीचे हलदीन मेलेलीचं नाव. मंग मी गातच नय."

मला राग आला. खूप दिवसांनी काहीतरी आलं, आणि ते राग होता, आणि तो तिच्यावर होता. मी म्हणालो, "मंग बोललीस कनाला नय? एक शब्द बोलली असतीस तर मी पुसलं असतं."



"मना वाटलं, तुला ऐकू येत असल," ती म्हणाली.

मित्र कप ठेवून कधी निघून गेला ते कळलं नाही. मी बटण दाबलं. स्क्रीनवर खात्री आहे का असं विचारलं गेलं, मी हो म्हटलं, आणि सत्तावीसच्या पुढची जागा रिकामी झाली. याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नीट श्वासही घेऊन होत नाही. आई उठून कप आत घेऊन गेली. आत गेल्यावर नळ सुरू झाला.

यादी मित्राने दुसऱ्या दिवशी पाठवून दिली. तेहतिसावी मागणी मी लिहिली नाही. लिहिण्यासारखी नव्हतीच ती, सोय आधीपासून होती.

त्या सोमवारी संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली. बूट काढता काढता तिने विचारलं, "आजीशी बोललात?"

"बोललो. ती गाणार नाही. आणि तू तिला विचारू नकोस."

"का पण? अजून चार महिने आहेत. एवढं काय झालंय तिला?"

"तिला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे गात नाही ती. बस, सांगतो."