पाठीवरचा काटा

आमच्या ह्यांचं तरुणपण पातूरजवळच्या शेतात, उन्हातच गेलं. पुढे अकोल्याला जठारपेठेत घर झालं, तरी भर दुपारी डोक्याला रुमालही न बांधता बाहेर पडायचे आणि मी ओरडले की हसायचे. अशा माणसाला डॉक्टरबाई म्हणाल्या, यांना उजेडाचे उपचार द्यावे लागतील. मला आधी हसूच आलं. अकोल्याच्या माणसाला उजेड कमी पडला म्हणे!

हसू फार टिकलं नाही. कमरेवर, पाठीवर, मांड्यांवर, जिथे कधी ऊन पोचलं नाही तिथेच ह्यांना लालसर चट्टे उठले होते. आम्ही ते गजकर्ण समजून वर्षानुवर्षं मलमं चोळली. अमरावतीच्या या डॉक्टरबाईंनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि लिम्फोमा निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, पण ह्यांच्या कातडीत घर करून बसलेला. "काकू, घाबरू नका. उजेडानं हा पुष्कळांचा दबून राहतो," बाई म्हणाल्या. मी ते एक वाक्य घट्ट धरून ठेवलं.

मग अमरावतीच्या खेपा सुरू झाल्या. ते यंत्र म्हणजे लोखंडी कपाटाएवढी उभी पेटी, आत चारी बाजूंनी ट्यूबलाइट. हे काळा चष्मा लावून आत उभे राहायचे आणि मी बाहेर त्यांचे कपडे मांडीवर घेऊन बसायचे. दाराच्या फटीतून निळसर उजेड माझ्या चपलांपर्यंत यायचा. ह्यांची कातडी काळवंडत चालली. नातेवाईक हळहळायचे, मला मात्र बरं वाटायचं. म्हटलं, उजेड लागू पडतोय. मांड्यांवरचे चट्टे खरंच फिके झाले. पाठीवरचे होते तिथेच राहिले, उलट जाड होत गेले.

उन्हाळा आला तशी मी गच्चीवर कुरडया घातल्या. कावळे हाकलत सावलीला बसले होते, तर हे नुसत्या चड्डीवर वर आले आणि कुरडयांशेजारी चटई टाकून पालथे पडले.

"हे काय नवीन?"

"मशीनचा उजेड कमी पडून राह्यला. हा तं फुकटचा हाय. थोड्या वेळानं मले पलटव."

"तुमी काय कुरडई हाय काय?"

आम्ही दोघंही हसलो. मी त्यांना उठवलं नाही. जन्मभर ज्या उन्हात वावरलो ते आपल्याला काय करणार, असंच आम्हाला वाटत होतं. पण उजेड घेतलेली ती कातडी आता शेतातल्या माणसाची राहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत पाठीवर फोड आले. डॉक्टरबाई आम्हा दोघांवरही भडकल्या आणि पाठ बरी होईपर्यंत उपचार थांबले.

फोड वाळल्यावर मी रोज खोबरेल लावायचे. एक दिवस बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. केसाकेसाच्या मुळाशी बारीक दाणे, थंडीनं काटा यावा तसे.

"तुमाले थंडी वाजून राह्यली काय?"

"मले? या उन्हात? येडी झाली काय तू?"

मी तळहात घासून ऊन केला आणि पाठीवर ठेवला. काटा बसला नाही. मग त्यांना माझ्याकडे वळवलं आणि पाहिलं, तर उजव्या भुवईचे केसही विरळ झालेले. इतके दिवस ते मी वयावर ढकललं होतं. आता मात्र दुसऱ्याच दिवशी मी त्यांना अमरावतीला नेलं.

या वेळी डॉक्टरबाईंनी त्या दाण्यांचाच तुकडा घेतला. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी समोर बसवून समजावलं. हा उजेड कातडीच्या वरच्या थरातच जिरतो. ह्यांच्या वाईट पेशी केसांच्या मुळांना वेढा घालून खाली बसल्या होत्या. वरच्या मरत होत्या, पण खालच्यांपर्यंत उजेड जातच नव्हता. कातडी जाड झाली की तो आणखीच वर अडतो. "उन्हात भाजलं नसतं तरी हेच झालं असतं, काकू," असंही त्या म्हणाल्या. माझं मन काही त्यानं शांत झालं नाही.

हे म्हणाले, "म्हंजे वरून जमीन ओली दिसे, अन् मुळाले ओल गेलीच नाही."

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेरच्या शेतांकडे पाहत होते. मला त्या निळ्या पेटीचा संताप आला होता.

पुढे गोळ्या झाल्या, नागपूरला खोलवर जाणारे किरण देऊन झाले. काही दिवस बरे गेले. मग गाठी आल्या, आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी हे गेले.

कुरडया मी अजून घालते. शेजारी एका चटईची जागा मोकळी सोडते. का, ते सुनेनं कधी विचारलं नाही. दुपारी कावळे हाकलत बसले की मागून अगदी स्पष्ट ऐकू येतं, "पलटव मले." मी वळते. उन्हानं तापलेली फरशी असते, बाकी काही नाही. त्या भट्टीत माझ्या हातावर सर्रकन काटा येतो. मी त्यावर तळहात ठेवून वाट पाहते. ह्यांचा शेवटपर्यंत बसला नाही. माझा लगेच बसतो, आणि मला त्याचा राग येतो.