विहिरीवरचं वेखंड

सुनेनं परवा नातवाच्या टाळूला लावायला वेखंडाची पुडी फोडली आणि त्या उग्र वासानं मला पिंपरीचं आमचं रान आठवलं. विहिरीच्या पाटाकडेला कायम चिखल असायचा, तिथं सासूबाईंनी वेखंड लावलं होतं. लांब हिरवी पाती आणि मधूनच एखादं कणसासारखं फूल. आळीत कुणाचं तान्हं पोटदुखीनं रडायला लागलं, की तिथली मुळी सहाणेवर उगाळून बेंबीभोवती लावायची. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी रान कंपनीत गेलं, विहिरीभोवती तारेचं कुंपण पडलं, आणि हे त्याच कंपनीत हमालीला लागले. थोरला तेव्हा महिन्याचा होता. पोट फुगून सारखा रडायचा, मी बसल्या जागी पेंगायची. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "घरातली मुळी सरली. येताना इहिरीवरची घिऊन ये." संध्याकाळी हे आले ते उंबऱ्यावरच बसले आणि डबा पुढं सरकवला. भाकरीच्या फडक्यात चिखलानं माखलेली मुळी होती. "दारावर झडती झाली," हे म्हणाले. "वाचमननं इचारलं, कुणाला इचारून उपटलं?" मुळी धुणारा सासूबाईंचा हात थांबला. "मंग काय सांगितलंस?" "सांगितलं, चुकलं साहेब. पुन्यांदा न्हाई व्हनार." सासूबाईंनी खाली मान घालून मुळी उगाळायला घेतली. लेप लावल्यावर थोरला झोपला, पण आम्हा तिघांतलं कुणी जेवायला उठलं नाही. परवा सून म्हणाली, "आई, गॅलरीत कुंडीत लावू या का वेखंड?" मी म्हटलं, नको बाई, विकतचंच बरं. त्याचं कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.