लंकाबाई सुनेला घेऊन घोडेगावला गेली

आमच्या वाडीत माझ्या वयाचं जे कुणी आहे, त्याची नाळ लंकाबाई सुईणीनं कापलेली. ही गोष्ट ती आम्हाला विसरू देत नसे. पोलीसपाटलालाही चारचौघांत ऐकवायची, "पायाळू निघालास. लई छळलंस आईला."

नव्वद सालानंतर तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं. दोन-तीन पोरं झालेल्या बाईला मूल बंद करायच्या ऑपरेशनला घोडेगावला न्यायचं, तिचं तान्हं सांभाळायचं, टाके निघेपर्यंत घरी चकरा मारायच्या. एखादी सासू आडवी आली की लंकाबाईचा आवाज चढे, "कळा तिला येत्यात. तुमचं काय जातंय?" बिचाऱ्या सासवा गप्प बसत. दहा-बारा वर्षांत वाडीत बारशी कमी झाली, जी झाली त्यांची बाळंतपणं दवाखान्यात. लंकाबाईला त्याचं काही वाटलं नाही.

तिचा एकुलता एक सूरज चाकणला कंपनीत होता. सून स्नेहल तिथंच शाळेत शिकवायची. त्यांना मुलगी एकच, तीन वर्षांची आरती. लंकाबाईला नातू हवा होता. त्याचं नावही तिनं ठरवून टाकलेलं, वारलेल्या नवऱ्याचं, धर्माजी. एवढ्या नावाखाली ते पोर दबलं असतं, पण तिला कोण सांगणार?

२००६च्या दिवाळीत स्नेहल म्हणाली, "आत्या, मला दुसरं नकोय. राहायला एक खोली, ह्यांची कंपनीतली पाळी सारखी बदलती. आरतीच्या वेळी नोकरी गेली, ती परत मिळायला दोन वर्षं लागली. ऑपरेशन करून घेते. तुमी याल का सोबत?"

लंकाबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सुनेच्या आधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सबाईंनी विचारलं, "मावशी, एकाच मुलीवर? हिच्या सासूला माहीत आहे का?"

"मीच सासू," लंकाबाई म्हणाली. "मला नातू लई पायजे व्हता. तिला न्हाई पायजे. लिहा तुमी."

स्नेहलला आत नेलं. लंकाबाई आरतीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

सुनेचे टाके निघाल्यावर ती कुशाबाईकडे गेली. सात वर्षांपूर्वी कुशाबाईच्या सुनेला तिनं असंच नेलं होतं, आणि कुशाबाईला भर ओट्यावर गप्प केलं होतं.

"कुशे, तवा तुला लई बोलले," लंकाबाई म्हणाली. "एवढं दुखतं ते मला ठावं नव्हतं गं."