ऑर्कुट बंद झालं तेव्हा

"त्या जुईली म्याडमला कंपनीनं हाकलली की! ऑर्कुटवर लफडं घावलं म्हनं!" अख्खं माण गाव बोलत होतं. साफ खोटं. आमची परभणीची भाडेकरू जुईलीताई नोकरीवर होती. तिच्या साहेबांनी फक्त सगळ्या ऑफिसात ऑर्कुट ही गप्पांची वेबसाइट बंद केली होती.

मी नाकातून तिच्या साहेबांची नक्कल केली, "गाईज, ही चावडी नाही!"

ताई हसली नाही. "उद्या वाढदिवस माझा. ऑर्कुटवर दिसायचा, म्हणून ऑफिसातले लोक 'हॅपी बर्थडे' बोलायचे. उद्या कुणी बोलणार नाही बघ."

"एक तरी बोलंल. लाव पैज!"

"हरलीस तर माझ्यासोबत जेवायचं."

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या बसमधून उतरली.

"कोण बोललं?" मी विचारलं.

खोलीचं कुलूप काढत ती म्हणाली, "हरलीस. चल, ताटं घे."